४ जुलै माझ्या मोकळ्या शुक्रवारी आला तेव्हा: ओपीएमचं सुट्ट्यांचं माहितीपत्रक, ५ पैकी ४ तारे

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, नोकरी करताय आणि तुमचं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार आठ-आठ तासांचं नाही? मग ओपीएमचं (फेडरल कर्मचाऱ्यांचे नियम पाहणाऱ्या खात्याचं) सुट्ट्यांवरचं माहितीपत्रक छापून ड्रॉवरमध्ये ठेवा. मी ते उशिरा वाचलं.

माझं वेळापत्रक ५/४-९, म्हणजे ‘कॉम्प्रेस्ड’: दोन आठवड्यांचे ठरलेले तास दहाऐवजी नऊ दिवसांत. दोन आठवड्यांत आठ दिवस ९ तास, एक दिवस ८ तास आणि एक शुक्रवार मोकळा. २०२५ मध्ये ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नेमका त्या मोकळ्या शुक्रवारी आला. सुट्टी गेली म्हणून हळहळलो, आणि बाहेरगावी जायचं होतं म्हणून गुरुवारी स्वतःची ९ तासांची रजा टाकली. ती मुकाट्याने मंजूरही झाली! नंतर पत्रक वाचलं: सुट्टी बिनकामाच्या दिवशी आली तर त्याआधीचा कामाचा दिवस सुट्टीचा, रविवार मोकळा असून सुट्टी त्या दिवशी आली, तर मात्र पुढचा. म्हणजे गुरुवार, ३ जुलै ही माझी सुट्टीच होती. टाइमकार्ड दुरुस्त करून घेतलं, रजा परत जमा झाली. आणि ८ नाही, पूर्ण ९ तास. कॉम्प्रेस्ड वेळापत्रकात त्या दिवशी जितके तास लावलेले, तितके सुट्टीचे.

शेजारच्या टेबलावरची सहकारी मॅक्सीफ्लेक्सवर आहे, म्हणजे तास स्वतः पुढेमागे करता येणाऱ्या ‘फ्लेक्सिबल’ वेळापत्रकावर, दहा-दहा तास बसते. फ्लेक्सिबलवाल्यांना सुट्टीचे ८ तासच धरतात. वरचे २ रजेतून, क्रेडिट अवर्समधून (आधी स्वतःहून जास्त बसून साठवलेल्या तासांतून) किंवा दुसऱ्या दिवशी जास्त बसून भरायचे. हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नियम मीच केलाय.

एक तारा कापला तो भाषेमुळे. वाक्यं वकिली, दोनदा वाचल्याशिवाय उलगडत नाहीत. अर्धवेळवाल्यांनी तर नीट डोळे उघडे ठेवून वाचावं: सुट्टी त्यांच्या बिनकामाच्या दिवशी आली तर बदली दिवस मिळतच नाही. शिवाय कॉम्प्रेस्डवाल्यांचा बदली दिवस, कामाचा खोळंबा होत असेल तर, खात्याचा प्रमुख हलवू शकतो. तेव्हा आपल्या खात्याचा नियम विचारूनच तिकिटं काढा.

२०२६ चा ४ जुलै शनिवारी. बाकीचे शुक्रवारी घरी बसतील. चौदा-चौदा दिवस मोजत गेलो, तर ३ जुलैचा शुक्रवारही माझा मोकळाच निघाला. कॅलेंडरवर २ जुलैच्या गुरुवारभोवती लाल गोल काढून ठेवलाय.