सनमायका चिकटवण्याआधी प्लाय बघून घ्या

"बीडब्ल्यूपी प्लाय, प्रीमियम हार्डवेअर, हँडमेड वारली पॅनल." पुण्यातल्या एका टू बीएचकेच्या कोटेशनमध्ये एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची तळफळी फुगली, कडेची पीव्हीसी पट्टी सुटली आणि आतलं साधं एमआर प्लाय उघडं पडलं. पैसे मात्र बीडब्ल्यूपीचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचे गेले होते. ही फसवणूक सर्रास चालते, कारण सगळी खोट सनमायकाखाली झाकली जाते.

एमआर प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकात येतं. त्यात युरियाचा गोंद असतो. वॉर्डरोबला ते चालतं, पण ओट्याखाली टिकत नाही. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०. ते फिनॉलच्या गोंदाचं असतं आणि ७२ तास उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. फसवणारे पहिल्या खेपेत आयएसआय शिक्क्याची अस्सल शीटं आणतात, मालकाला फोटो काढू देतात आणि दुसऱ्या खेपेत हलका माल उतरवतात. काही जण तर बाहेरच कापून आणतात, म्हणजे शिक्का बघायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून अख्खी ८ बाय ४ ची शीटं साइटवरच कापायची अट घाला. काम फॅक्टरीत होणार असेल तर कापणीच्या दिवशी स्वतः तिथे जा. आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, तो चालू आहे का, हे लगेच कळतं. कापलेली कड लाल दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, रंग मिसळता येतो. प्रत्येक खेपेतला तीन इंचांचा तुकडा पातेल्यात उकळत ठेवा. युरियाच्या गोंदाचे थर बहुधा काही तासांतच सुटायला लागतात. कडेला आतल्या थरांत भोकं दिसली तर ते शीट परत पाठवा, तिथे बिजागरीचा स्क्रू धरत नाही.

किचन ट्रॉल्यांचंही तसंच. कागदावर एसएस ३०४ स्टील, प्रत्यक्षात त्याहून हलकं २०२. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. स्टीलच्या दुकानात मिळणारं तपासणीचं रसायन थेंबभर टाकून बघावं लागतं.

मापातली लबाडी सगळ्यात महाग पडते. ७ बाय ८ फुटांचं कपाट समोरून ५६ चौरस फूट. दर १,५०० रुपये धरला तर ८४,००० होतात. शेवटच्या बिलात मात्र आतल्या फळ्या आणि बाजू वेगळ्या मोजून क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केलं जातं. "दर्शनी मापाने, आतील फळ्यांसह" हे शब्द कोटेशनमध्ये आलेच पाहिजेत.

वारली पॅनलचं सगळ्यात वाईट वाटतं, कारण हँडमेड सांगून छापील विनाइल लावलं की त्यात कारागिराचीही फसवणूक होते. हाताने काढलेल्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी दोन माणसं कधीच तंतोतंत सारखी नसतात. पांढरी रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. छापील विनाइलवर तीच आकृती जशीच्या तशी पुन्हा येते आणि भिंगाखाली बारीक रंगीत ठिपके दिसतात. जव्हार, डहाणू भागातल्या चित्रकाराकडून थेट काम करून घ्या, पावतीवर त्याचं नाव घ्या आणि ही रक्कम इंटिरिअरवाल्याच्या बिलातून वेगळी ठेवा.

निम्मे पैसे आगाऊ देऊ नका. प्लाय साइटवर आल्यावर, सनमायकाआधी उघडे सांगाडे तपासल्यावर, शटर बसल्यावर असे हप्ते पाडा आणि किमान दहा टक्के ताबा घेऊन महिना उलटेपर्यंत हातात ठेवा. जीएसटी वाचवायला विनापावती काम करून घेतलं की पुढे दाद मागणं अवघड होतं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या कामाला फी लागत नाही. तिथे कोटेशन, हप्त्यांच्या पावत्या आणि शिक्क्याचे फोटो मागितले जातात, म्हणून फुगलेली फळी बदलण्याआधी तिचेही फोटो काढून ठेवा.