रस्ता ओलांडायला काय मागाल: गतिरोधक, उंच क्रॉसिंग, सिग्नल की पादचारी पूल?

सोसायटीसमोर कुणाला गाडीचा धक्का लागला की क्षेत्रीय कार्यालयात बहुतेक दोनच प्रकारचे अर्ज जातात: गतिरोधक टाका, नाहीतर पादचारी पूल बांधा. पुण्यातला २४ मीटर रुंदीचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता समोर ठेवून हिशेब केला, तर हे दोन्ही पर्याय यादीत खालीच जातात.

अशा रस्त्यावर दोन्ही बाजूंचं मिळून साधारण १५ मीटर डांबर ओलांडावं लागतं. काठी टेकत चालणाऱ्या आजींचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर पलीकडे पोचायला १९ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी २६० मीटर कापते. म्हणजे पाऊल टाकण्याआधी आजींनी पाव किलोमीटर लांबच्या गाडीचा अंदाज घ्यायचा, तोही संध्याकाळी, डोळ्यांवर हेडलाइट येत असताना. मध्ये थांबायला जागा मिळाली तर एका वेळी ७ मीटरच उरतात आणि गाडीचं ते अंतर १२० मीटरवर येतं. वेगही ३० वर उतरला तर ७५ मीटरच्या आत. पर्याय निवडताना म्हणून दोनच आकडे बघा: एका दमात किती मीटर ओलांडायचे आणि त्या जागी गाडी किती वेगात असते.

नुसते झेब्रा पट्टे यातला एकही आकडा बदलत नाहीत. पट्टे हवेतच, पण इतर कामाच्या जोडीला. थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे वितळवून लावायच्या जाड रंगाचे मागा, आणि रस्ता झाडून कोरडा केल्यावरच मारायला लावा. धुळीवर मारलेला पट्टा पापुद्र्यासारखा सुटून येतो.

गतिरोधक वेग कमी करतो, पण तो मापात असेल तरच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गाडी त्यावरून ताशी २५ च्या आसपास नीट जाते. प्रत्यक्षात बऱ्याचदा फूट-दीड फूट रुंदीचा डांबराचा उंचवटा टाकला जातो. त्यावर रिक्षातल्या माणसाच्या पाठीला हिसका बसतो, आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून, म्हणजे नेमके चालणाऱ्यांच्या अंगावरून निघतात. रबरी पट्ट्यांचे तुकडे उडाले की बोल्ट वर राहतात. आणि गतिरोधकामुळे ओलांडायचं अंतर काही कमी होत नाही.

आमची पहिली पसंती उंच क्रॉसिंग आणि दुभाजकात थांबा, दोन्ही एकत्र. फूटपाथच्याच उंचीवर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर वर, रस्त्यावर सपाट पट्टा येतो. माणूस खाली उतरतच नाही, गाडीला वर चढावं लागतं. सपाट भाग किमान ३ मीटर ठेवा. पीएमपीची बस जात असेल तर ६ मीटर बरा. गाडीसाठीचा उतार १० ला १, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर. बसमार्गावर त्याहून सौम्य. दुभाजकातला थांबा २ मीटर खोल असावा, म्हणजे बाबागाडी किंवा व्हीलचेअर पूर्ण आत मावते. तो क्रॉसिंगच्याच पातळीत हवा. पाऊण फूट उंच दुभाजक तसाच ठेवून पट्टे मारले, तर व्हीलचेअर रस्त्याच्या मधोमध अडकते.

हे काम बिघडतं ते पाण्यामुळे. फूटपाथला टेकलेला उंच पट्टा धरणासारखं पाणी अडवतो आणि जूनमध्ये क्रॉसिंगच्या तोंडाशीच तळं साचतं. कडेला जाळीचं गटार काढा किंवा चढत्या बाजूला पावसाळी चेंबर घ्या, आणि ते नकाशातच दाखवायला सांगा, कारण नंतर कुणी खोदत नाही. उतारावर पेव्हर ब्लॉक नको. चाकांच्या ढकलण्याने ते सरकतात. काँक्रीट घाला. बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायला रोवलेले बुटके खांब, त्यांच्यामधलं अंतर व्हीलचेअरसाठी किमान ९० सेंटिमीटर लागतं, आणि तेवढ्यातून स्कूटर जातेच. बोलार्ड रिक्षा आणि मोटार अडवतात, दुचाकी नाही, हे धरूनच चला. आधीच्या १० मीटरमध्ये पार्किंगही बंद हवं. उभ्या टेम्पोआडून निघालेलं मूल चालकाला दिसतच नाही.

सिग्नल मोठ्या चौकात लागतोच. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा सेकंदाला १.२ मीटर वेग धरून बेतला, तर १५ मीटरला साडेबारा सेकंद मिळतात आणि आजी मध्येच सापडतात. म्हणून इथेही दुभाजकातला थांबा हवा. लाल दिव्याची वाट फार लांबली की लोक मध्येच उतरतात. खरा धोका मात्र डावीकडे न थांबता वळणाऱ्या गाड्यांचा. त्यासाठी कोपऱ्याची गोलाई कमी करून घ्या. वळण आवळलं की वेग आपोआप पडतो.

पादचारी पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवतात, म्हणजे चालायची पातळी ६ मीटरच्या आसपास. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर ४० वर आणि ४० खाली. रॅम्प १२ ला १ ने केला तर एका बाजूलाच ७२ मीटर. समोर १५ मीटर रस्ता दिसत असताना हे कोण चढेल? वर जिन्याचे खांब फूटपाथ खातात ते वेगळंच. पूल योग्य ठरतो तो द्रुतगती मार्गावर, रेल्वेरुळांवर, किंवा माणूस आधीच उंचावर असेल तिथे. मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्रे स्थानक ते कलानगर असा झाला तो याच हिशेबाने: लोकलच्या पुलावरून आलेल्याला पुन्हा चढावं लागू नये. मेट्रो स्थानकाला दोन्ही बाजूंनी लिफ्ट असेल, तर वेगळा पूल मागूच नका.

अर्जाआधी वेग मोजून घ्या. फूटपाथच्या कडेला ५० मीटरवर खडूच्या दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ५० गाड्या मोजा. सकाळी सहाला आणि रात्री दहाला मोजा, तेव्हाच रस्ता मोकळा आणि वेग जास्त असतो. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. बहुतेक गाड्या साडेचार सेकंदांच्या आत गेल्या तर फक्त पट्टे आणि फलकांवर भागवू देऊ नका. हा तक्ता, रस्त्याची रुंदी आणि पाणी कुठे साचतं त्याचा फोटो अर्जाला जोडा. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी दरवर्षी नागरिकांच्या सूचना मागवते, त्यात हे काम घालता येतं. पालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मान्य केलं आहे, त्याचा उल्लेख करा. वाहतूक पोलिसांना प्रत द्या. सिग्नल आणि पार्किंगबंदी त्यांच्याशिवाय होत नाही.