परिषद की राज्यसभा? तिकीट कापलेल्या आमदाराने आधी काय बघावं

तिकीट कापलं गेलंय किंवा तुम्ही पडलायत, आणि आता वरून निरोप आलाय की विधान परिषदेवर जाता का राज्यसभेवर, तर लगेच दिल्लीचं विमान पकडू नका. दोन्हीकडे सहा वर्षं, वयाची अट दोन्हीकडे 30, मतं आमदारच देणार (परिषदेच्या 78 पैकी 30 जागांना तरी, पदवीधर, शिक्षक वगैरे गणित वेगळं), म्हणून लोकांना वाटतं एकच गोष्ट आहे, पण तसं अजिबात नाहीये.

खरा फरक मतदानात आहे. राज्यसभेला 2003 पासून उघड मतदान, म्हणजे आमदाराने मत कुणाला दिलं ते पक्षाच्या एजंटला दाखवायचं, आणि परिषदेला मात्र गुप्त, तिथे कोण कुठे फुटलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. जून 2022 आठवा. चंद्रकांत हंडोरे, मुंबईचे माजी महापौर, राज्यात मंत्री राहिलेले, काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार, आणि 20 तारखेला तेच पडले, दुसरे उमेदवार भाई जगताप निवडून आले. त्याच रात्री एकनाथ शिंदे बंड करून सुरतेकडे निघाले, त्यामुळे बिचाऱ्या हंडोरेंची बातमी पण धड चालली नाही. मग 2024 ला पक्षाने त्यांनाच राज्यसभेवर पाठवलं, सहा जागा आणि सहाच उमेदवार, बिनविरोध काम झालं.

पण उघड मतदान म्हणजे गॅरंटी असंही समजू नका हां. त्याच जून 2022 मध्ये 10 तारखेला राज्यसभेच्या सहा जागांना सात उमेदवार होते, जिंकायला लागणारा कोटा साधारण 41-42 मतांचा, आणि शिवसेनेचे संजय पवार भाजपच्या धनंजय महाडिकांसमोर पडले. अपक्षांना एजंटला मत दाखवायचंच नसतं आणि छोटे पक्ष शेवटपर्यंत भाव खातात. म्हणून पक्षाला पहिला प्रश्न हाच विचारा की यादीत माझा नंबर कितवा, आणि शेवटचा असेल तर नमस्कार करून घरी या.

मंत्रिपद हवंय? राज्यातलं हवं असेल तर परिषद, उद्धव ठाकरे आणि पृथ्वीराज चव्हाण तर परिषदेत राहून मुख्यमंत्री होते. केंद्रातलं हवं असेल तर नारायण राणेंचा रस्ता बघा. 2014 ला कुडाळ गेलं, 2015 ला वांद्रे पूर्व गेलं, 2016 ला काँग्रेसकडून परिषद, ती सोडून 2018 ला भाजपकडून राज्यसभा, 2021 ला केंद्रात मंत्री. पण माजी मुख्यमंत्र्याला सुद्धा तीन वर्षं थांबावं लागलं, त्यामुळे आपल्यासारख्याने सूट शिवायला टाकू नये.

आता मतदारसंघ. निधी दोन्हीकडे वर्षाला 5 कोटी, आणि राज्यसभेवाल्याला तो राज्यात कुठेही देता येतो, म्हणजे मागायला पण सगळं राज्य येणार. आणि अधिवेशनात तुम्ही दिल्लीत अडकलात की इकडे दहावं, बारसं, सप्ताह कोण करणार? अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भोकरची आमदारकी सोडून राज्यसभेवर गेले आणि नोव्हेंबरमध्ये तिथूनच त्यांची मुलगी श्रीजया निवडून आली. घरात असं कुणी तयार असेल तर बिनधास्त जा. नसेल आणि परत विधानसभाच लढायची असेल तर माझं मत परिषद, मुंबई जवळ पडते, नागपूर एकदाच. उलट मेधा कुलकर्णींसारखी केस असेल, म्हणजे 2019 ला त्यांचं कोथरूड पक्षाने चंद्रकांत पाटलांना दिलं आणि ते तिथे बसलेत, तर परत येण्याची वाट बघण्यापेक्षा राज्यसभा शंभर टक्के बरी.

आणि खासदार असताना विधानसभा लढायला बंदी नाही. मिलिंद देवरा राज्यसभेत असतानाच 2024 ला वरळीतून उभे राहिले, आदित्य ठाकरेंकडून हरले, आणि खासदारकी होती तशीच राहिली. जिंकले असते तर मात्र दोनातलं एक सोडावं लागलं असतं.