‘लाइट लागली ना? मग झालं!’ : रास्पबेरी पायच्या यूएसबी पोर्टावरून होणारी फसवणूक

ही फसवणूक ठरलेल्या क्रमाने होते. रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या संगणक-बोर्डासोबत ‘5 व्होल्ट 3 अँपियर’ असा स्टिकर लावलेला अॅडॉप्टर आणि एक मीटरची सुटी केबल गळ्यात मारतात. दुकानदार काउंटरवरच जोडून दाखवतो, लाल दिवा लागतो, पैसे दिले जातात. घरी पोर्टाला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की ती टकटक करते, दिसते आणि गायब होते. तक्रार केली तर पहिलं उत्तर ‘डिस्क गेलीय’. दुसरी डिस्क घेतली तरी तेच. मग ‘बोर्ड गेलाय’. अॅडॉप्टरचं नाव शेवटपर्यंत निघत नाही, कारण दिवा लागतोय ना!

तो दिवा काही मिलिअँपियरवर भागवतो, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. पाय 4 ला मात्र 5.1 व्होल्ट आणि 3 अँपियरचा पुरवठा लागतो. चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपियर देतात (प्रत्येकी नव्हे, हे दुकानात कोणी सांगत नाही). बोर्ड स्वतः कामात असताना एक अँपियरच्या आसपास घेतो आणि फिरणारी डिस्क सुरू होताना साधारण तेवढाच झटका मारते. म्हणजे खरी परीक्षा 2 अँपियरची.

आता केबल पाहा. स्वस्त केबलमध्ये 28 गेजची बारीक तार असते. तांब्याची असली तरी मीटरला 0.21 ओहम, आणि जाणारी-येणारी धरून 0.43. 2 अँपियरला 0.85 व्होल्ट तारेतच जिरतात. अॅडॉप्टरने प्रामाणिकपणे 5.1 दिले तरी बोर्डापाशी 4.25 उरतात, आणि पाय 4 तर 4.63 च्या आसपासच कमी व्होल्टेजची ओरड सुरू करतो. 20 गेजच्या जाड तारेत हीच घट 0.13 व्होल्ट होते. त्यातून ‘तांब्याची’ म्हणून विकलेली तार कित्येकदा वरून तांबं, आत अॅल्युमिनियम अशी निघते. तिचा रोध सुमारे दीडपट. ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते.

बोर्ड हे सगळं नोंदवून ठेवतो. डिस्क लावून टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही कमांड द्या. 0एक्स0 आलं तर पुरवठा ठीक. 0एक्स50005 म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे. 0एक्स50000 म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी पडलं होतं. डिस्कला दोष देण्याआधी दुकानदाराला हा आकडा दाखवा.

त्याहून पक्की परीक्षा शंभराच्या आत होते. 10 ओहम 10 वॉटचे चार पांढरे सिमेंट रेझिस्टर घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. चारही समांतर जोडले की अडीच ओहम होतात आणि 5 व्होल्टला बरोबर 2 अँपियर खेचतात. केबलच्या बोर्डाकडच्या टोकाला ब्रेकआउट (प्लगच्या पिना बाहेर काढून देणारी छोटी पट्टी) लावून जोडा. टाइप-सी असेल तर त्या ब्रेकआउटवर 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत, नाहीतर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलीतून चार्जर काहीच देणार नाही आणि चांगला माल उगाच बदनाम होईल. मल्टीमीटर रेझिस्टरांवरच लावा, दहा मिनिटं थांबा. 4.75 च्या खाली गेलं तर माल परत. रेझिस्टर फरशीवर ठेवा, चांगलेच तापतात.

पाय 5 वाल्यांना वेगळी टोपी घालतात: ‘हा 65 वॉटचा आहे, पुरून उरेल!’ ते 65 वॉट 20 व्होल्टला असतात. पाय 5 ला 5 व्होल्टलाच 5 अँपियर हवेत, आणि अशा बहुतेक चार्जरांवर बारीक अक्षरात 5 व्होल्ट 3 अँपियर लिहिलेलं असतं. तेवढंच मिळालं की बोर्ड सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून 600 मिलिअँपियरवर आणून ठेवतो. पूर्ण 5 अँपियर मिळाले तर 1.6 अँपियर देतो. मग ‘कॉन्फिग फाइलमध्ये यूएसबी_मॅक्स_करंट_इनेबल=1 टाका’ असा सल्ला येतो. त्याने फक्त मर्यादा उठते. अॅडॉप्टरमध्ये नसलेला करंट फाइलमधून कसा येणार?

दोन डोक्यांच्या वाय-केबलचंही तेच. दोन्ही डोकी एकाच पायमध्ये खुपसली तर 1.2 अँपियरचे 2.4 होत नाहीत.

सगळ्यांत घातक म्हणजे ‘पॉवर्ड हब’. हबला स्वतःचा अॅडॉप्टर असतो, म्हणून लोक निर्धास्त. पण स्वस्त हबमध्ये अॅडॉप्टरचे 5 व्होल्ट आणि पायकडे जाणाऱ्या केबलची लाल तार थेट जोडलेली असते. मध्ये ना स्विच आयसी, ना डायोड. मग हब उलटा बोर्डालाच वीज पुरवतो. पायचा अॅडॉप्टर काढला तरी दिवा मिणमिणत राहिला की समजा. खात्रीसाठी हबचा अॅडॉप्टर चालू ठेवा, केबल पायमधून काढा आणि त्या प्लगच्या कडेच्या दोन पिनांवर मीटर लावा. 5 व्होल्ट दिसले तर हब परत करा. परतीची मुदत गेली असेल तर केबल सोलून फक्त लाल तार कापा आणि टेप लावा. मात्र काही हब त्याच तारेवरून समोर संगणक आहे का ते ओळखतात. असा हब तार कापल्यावर दिसेनासा होतो.

स्वतः पोर्ट बांधत असाल तर 5 व्होल्टची लाइन बोर्डातून न काढता थेट सप्लायवरून आणा, मध्ये टीपीएस2553 ही स्विच चिप टाका (करंटची मर्यादा एका रेझिस्टरने ठरते) आणि पोर्टालगत 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नियम किमान 120 चा आहे. संरक्षणासाठी डायोड टाकून विकलेले मॉड्यूल घेऊ नका, 1 अँपियरला अर्धा व्होल्ट तिथेच जातो. व्होल्टेज उतरवणारे ‘3 अँपियर’चे एलएम2596 मॉड्यूलही तपासून घ्या. खरी चिप 150 किलोहर्ट्झवर चालते, नकली बरेचदा 50 च्या आसपास.

अॅडॉप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहता येतो. नंबर खरा निघाला तरी तो सुरक्षिततेचा. तारेत किती व्होल्ट जिरतात हे त्यात येत नाही. पावतीवर ‘5.1 व्होल्ट 3 अँपियर’ लिहून घ्या, लोडवरच्या मीटरचा फोटो काढा. दुकानदार ऐकत नसेल तर हे दोन्ही हाताशी ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.