ताण मोजणारे घड्याळ, पंचेचाळिशी ओलांडलेल्या हातावर

ताणाचा आकडा दाखवणारी स्मार्टवॉच आता दहा हजार रुपयांच्या आत सहज मिळतात. त्यांच्या जाहिरातींत सकाळी पळायला जाणारी तरुण मुले दिसत असली, तरी हा आकडा खरोखर कोणाच्या उपयोगी पडेल असे मला कोणी विचारले, तर पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातल्या बायकांच्या, असे मी म्हणेन. या वयात ताण 'ताण' म्हणून ओळखू येत नाही. तो झोपमोड, धडधड, चिडचिड, आखडलेली मान, पित्त अशा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी घरात एक कारण आधीच तयार असते. असे एक घड्याळ मी गेल्या पावसाळ्यापासून वापरते आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मला जाणवलेल्या अडचणींचे मूळ यंत्राच्या बनावटीपेक्षा ते कोणासाठी घडवले गेले यात आहे.

या घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकत असतो. रक्त तो प्रकाश शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, त्यावरून नाडी मोजली जाते. नाडी मिनिटाला साठ असली, तरी निरोगी हृदयात दोन ठोक्यांमधले अंतर नेमके एक सेकंद कधीच नसते. ते कधी ०.९४ भरते, कधी १.०५. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात आणि हा चढउतार मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या हातात असतो. शरीराला शांत करणारी, म्हणजे परानुकंपी मज्जासंस्था कामावर असेल, तर हे अंतर मोकळेपणाने बदलत राहते. संकटासाठी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था वरचढ झाली, की ठोके एकसारखे पडू लागतात. या बदलावरून घड्याळ शून्य ते शंभर असा आकडा काढते. तो काढण्याचे नेमके सूत्र कंपनी सांगत नाही, त्यामुळे माझे पंचेचाळीस आणि वेगळ्या कंपनीचे घड्याळ घातलेल्या माझ्या जावेचे पंचेचाळीस यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच आकड्याची आपल्या कालच्या आकड्याशी तुलना करावी, एवढेच खरे.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी, आणि त्याआधीची काही वर्षे संप्रेरकांचे प्रमाण वरखाली होत राहते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारा एक घटक मज्जापेशींना शांत ठेवणाऱ्या ग्राहींवर काम करतो. त्याचा पुरवठा बेभरवशाचा झाला, की झोप उथळ होते आणि किरकोळ कारणानेही जीव घाबराघुबरा होतो. इस्ट्रोजेन घटले, की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील बनते आणि अंगातून अचानक वाफा येऊ लागतात. त्यातच ठोक्यांमधली लवचीकता, म्हणजे त्यांच्यातले अंतर मोकळेपणाने बदलत राहणे, वयाप्रमाणे सर्वांचीच कमी होत जाते. नेमक्या याच वर्षांत मुलांची बारावी, सासूबाईंचे गुडघे, नोकरीतील बढतीबरोबर येणारी बदली आणि घराचा हप्ता हे सारे एका वेळी अंगावर असते.

आता घड्याळाने काय दाखवले ते सांगते. आमच्याकडे महापालिकेचे पाणी पहाटे साडेपाचला येते आणि मी सव्वापाचचा गजर लावते. आलेखावर निळा रंग म्हणजे शांत, केशरी म्हणजे ताण. रात्रीचा आलेख उघडला, तेव्हा झोपेतली निळी पट्टी साडेचारच्या आसपास केशरी होऊ लागलेली दिसली. मी तेव्हा झोपेतच होते, स्वप्नही आठवत नव्हते. सुट्टीत माहेरी, जिथे टाकी भरलेली असते आणि गजर नसतो, तिथे पट्टी सहापर्यंत निळीच राहिली. हे ऐकायला चमत्कारिक वाटले, तरी त्यामागे शास्त्र आहे. जर्मनीतील ल्यूबेक येथे यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की सहाला उठवणार असे सांगून झोपवलेल्या माणसांच्या रक्तात ताणाला चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक तासभर आधीपासूनच वाढू लागते. नऊला उठवणार असे सांगून अचानक सहाला उठवलेल्यांत मात्र तशी आगाऊ वाढ होत नाही. म्हणजे उठण्याची वेळ शरीर झोपेतही पाळत असते. गजर एकीकडे आणि पाण्याची, डब्याची, साडेसातच्या बसची धास्ती दुसरीकडे अशी वाटणी ते करत नसावे. या एका आलेखासाठी मी घड्याळाला पुष्कळ माफ केले. 'मला थकवा येतो' हे वाक्य ज्या घरात वर्षानुवर्षे ऐकून सोडून दिले जात होते, त्याच घरात ती केशरी पट्टी पाहिल्यावर पाणी भरायला दुसरे माणूस उठू लागले. बाईच्या बोलण्यापेक्षा यंत्राच्या रेघेला अधिक वजन मिळावे याचा थोडा रागही आला, पण उपयोग झाला हे नाकारण्यात अर्थ नाही.

दिवसा मात्र हे यंत्र फारसे कामाचे नाही. हात हलत असताना नाडीची नोंद धूसर होते, म्हणून हालचाल चालू असेपर्यंत ते ताण मोजायचेच थांबवते आणि आलेखावर राखाडी पोकळी सोडते. आता बाईचा दिवस पाहा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यांत घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. पोळ्या लाटणे, भांडी, केरवारे, भाजी निवडणे हे सगळे घड्याळाच्या लेखी राखाडी. गौरीच्या जेवणावळीच्या दिवशी, पुरण वाटण्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत, माझ्या आलेखावर जवळजवळ काहीच नव्हते आणि संध्याकाळी घड्याळाने 'आजचा दिवस शांत गेला' अशा अर्थाचा शेरा मारला. याउलट मुलगा रात्रीच्या गाडीने निघालेला असताना, हात मांडीवर ठेवून मालिका बघत त्याच्या फोनची वाट पाहण्याचा तासभर ठळक केशरी उमटला. तेवढे एक त्याने बरोबर पकडले. पाहणाऱ्याला तेव्हा मी निवांत बसलेली दिसत होते.

रात्रीच्या नोंदींतही एक गोंधळ आहे आणि तो या वयासाठी मोठा आहे. अंगातून अचानक वाफा येतात तेव्हा त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो, ठोके वाढतात आणि व्हेगसचा लगाम तात्पुरता ढिला पडतो. घड्याळाला यातला फक्त शेवटचा परिणाम दिसतो, म्हणून ते 'ताण वाढला' असे लिहून मोकळे होते. रात्री उशिराचा चहा, ताप, न पचलेले जेवण यांचीही नोंद त्याच रकान्यात जाते. मी उशाशी एक वही ठेवून वाफा आल्याची वेळ लिहू लागले, तेव्हा कोठे कोणती केशरी रेघ कशाची ते कळू लागले. ॲपमध्ये एक साधे बटण दिले असते, तर ही वही लागली नसती.

पाळीच्या विभागाबद्दल बोलायलाच नको. त्याने अठ्ठावीस दिवसांचे चक्र गृहीत धरले आहे आणि पाळी दोन-दोन महिने आली नाही, तरी तो दर महिन्याला 'उशीर झाला आहे' असे निष्ठेने कळवत राहतो. 'अनियमित' किंवा 'थांबत आली आहे' असा पर्याय त्यात नाही. मी कंपनीला तसे लिहिले. सूचनेबद्दल आभार मानणारे उत्तर आले. ॲपमध्ये मराठी नाही, हिंदी आहे, पण तीही अर्धीमुर्धी.

श्वासाचा व्यायाम हा मात्र या घड्याळातला सर्वांत चांगला भाग आहे. मनगटावर हलकी थरथर होते, चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. या गतीला ठोक्यांची लवचीकता वाढते, हे इटलीच्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ साली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातील मंत्र यांची तुलना करून दाखवले होते. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येते. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. एकदा घड्याळ त्यांच्या हातावर बांधून पाहिले, तर पट्टी निळी होती. "मग तुला ते विकत कशाला घ्यावं लागलं गं?" असे त्यांनी विचारले.

वापराच्या काही गोष्टी. बांगड्या असलेल्या हातात घालू नये. काचेवर ओरखडे पडतात आणि घड्याळ सैल होऊन प्रकाश बाहेर झिरपतो. कणीक मळताना काढून ठेवावे लागते, नाहीतर पट्ट्याच्या खाचांत पीठ वाळते. रबरी पट्ट्याखाली घाम साचून मला पुरळ आले, म्हणून कापडी पट्टा लावला. बॅटरी आठवडाभर टिकते, तक्रार नाही.

आकड्यावरून औषधपाणी मात्र ठरवू नये. धडधड, थकवा, झोप न लागणे ही थायरॉइडची, बी-१२ च्या कमतरतेची आणि रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता आणि रक्त कमी असले, की हृदय मुळातच जलद पळते. बीटा-ब्लॉकर प्रकारची रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा ठोके अनियमित पडण्याचा आजार असेल, तर हा आकडा फसवा ठरतो. छातीत दुखले, घेरी आली, तर घड्याळाकडे न पाहता दवाखाना गाठावा.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे: दोन रात्रीच्या आलेखाचे, एक श्वासाचा. हे घड्याळ मी आता फक्त झोपताना घालते आणि सकाळचा आकडा रोज न पाहता आठवड्याचा आलेख रविवारी उघडते, कारण रोज उठल्याबरोबर तो पाहण्याने स्वतंत्र ताण येतो. ज्यांना आकड्यांची धास्ती वाटते, त्यांनी हे पैसे रक्त तपासणीवर खर्च करावेत. ज्यांना घ्यायचेच आहे, त्यांनी दिवाळीच्या सवलतीपर्यंत थांबावे आणि दुकानात एकच प्रश्न विचारावा: झोपेतला ताण तासागणिक दिसतो, की सकाळी नुसता एक आकडा हातात ठेवला जातो? नुसता आकडा देणारे घेऊ नये.