पीएचडीसाठी सर्व्हे की लॉग?

गाइड म्हणतात, सर्व्हे कर. बरोबरचे म्हणतात, सर्व्हेला आता कोण विचारतं, लॉग डेटा, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली वापराची नोंद, घे. इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये, म्हणजे माणसं आणि संस्था संगणक प्रणाली कशा वापरतात याच्या अभ्यासात, दोघंही आपापल्या काळाचं बोलत असतात.

फ्रेड डेव्हिस यांनी 1989 साली तंत्रज्ञान स्वीकारण्याबद्दलचा गाजलेला लेख लिहिला, तेव्हा हाताशी 152 वापरकर्ते आणि 4 सॉफ्टवेअर होती. ‘यामुळे माझं काम लवकर होतं’ अशा धर्तीची विधानं, पुढे सहमतीचे पर्याय. सॉफ्टवेअर किती वापरता, हेही वापरणाऱ्यालाच विचारलेलं. त्या काळी ते चाललं. आज तसंच जर्नलला पाठवलंत, तर रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न ठरलेला: मत आणि वापर दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत भरले, मग दिसतोय तो संबंध खरा की भरण्याच्या सवयीचा? म्हणून आता सर्व्हे दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे सोडून घेतलेला बरा. दुसऱ्या टप्प्यात गळती होतेच, तेव्हा सुरुवातीलाच जास्त माणसं धरा.

लॉगमध्ये ही भानगड नाही. युजर आयडी, वेळ, कुठलं बटण दाबलं, संपलं. पण पहाटे 3 वाजता दर 30 सेकंदांनी तोच रिपोर्ट उघडणारा ‘युजर’ दिसला की समजावं, हा माणूस नव्हे, आपोआप चालणारी स्क्रिप्ट आहे. असली साफसफाई महिने खाते. शिवाय आवडीने वापरणारा आणि साहेबाच्या धाकाने वापरणारा, दोघांच्या ओळी लॉगमध्ये सारख्याच. आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात: ट्विटरने 2023 मध्ये मोफत एपीआय (प्रोग्रॅममधून थेट डेटा घेण्याची वाट) बंद केला आणि त्यावर विसंबलेल्या संशोधकांची पंचाईत झाली.

मुलाखती, केस स्टडी? 1983 ते 1988 मधल्या 155 लेखांची छाननी 1991 साली ऑर्लिकोव्स्की आणि बरूदी यांनी छापली, त्यात 96.8 टक्के लेख प्रत्यक्षवादी चौकटीतले, म्हणजे मोजमाप आणि गृहीतकांच्या चाचणीवर भर देणारे, निघाले. पुढे 1999 मध्ये क्लाइन आणि मायर्स यांनी अर्थनिर्णयी, म्हणजे माणसं आपल्या अनुभवाचा काय अर्थ लावतात ते समजून घेणाऱ्या, संशोधनासाठी सात तत्त्वं मांडली आणि अशा कामाला मापदंड मिळाला. एकट्या केस स्टडीला वेळ फार लागतो, हे मात्र धरून चाला.

माझं मत विचाराल तर, डेटा वापरण्याचा सही झालेला करार हातात असेल तरच लॉग, आणि जोडीला थोड्या मुलाखती. नसेल तर दोन टप्प्यांचा सर्व्हे. ‘देऊ की डेटा, त्यात काय’ असं तोंडी म्हणणारा मॅनेजर तुमचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.