पलटी नांगर घेताना परतीचे तास पाहायचे राहिले

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी ५८,००० रुपये मोजून एक जुना हायड्रॉलिक पलटी नांगर विकत घेतला आणि त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. पंधरा वर्षे पुण्यात नोकरी केल्यानंतर मी बार्शी तालुक्यातल्या आमच्या सहा एकर रानात परतलो होतो. घरात ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर होता, पण उन्हाळी नांगरटीसाठी दरवर्षी भाड्याचा नांगर सांगावा लागे आणि गरजेच्या दिवसांत तो वेळेवर मिळत नसे. नवा दोन फाळी नांगर लाखाच्या घरात जात असल्यामुळे मी जुन्याचा शोध सुरू केला. माझ्यासारखे नव्याने शेतीत आलेले अनेक जण याच वाटेने जात असतील, म्हणून जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

आधी या अवजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक त्याच्या रचनेतच लपवली गेली होती. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, त्यामुळे रानात फेऱ्या घेत नांगरावे लागते आणि शेवटी कुठे चर तर कुठे वरंबा राहतो. पलटी नांगरात एकाच सांगाड्यावर फाळांचे दोन संच असतात, एक खाली आणि एक वर. रानाच्या टोकाला पोहोचल्यावर तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर तो सांगाडा फिरवतो, वरचा संच खाली येतो आणि ट्रॅक्टर नुकत्याच काढलेल्या तासाला, म्हणजे फाळाने ओढलेल्या चराला, लागूनच परत निघतो, त्यामुळे माती पुन्हा त्याच अंगाला पडते आणि रान सपाट राहते. म्हणजेच पलटी नांगर विकत घेणारा माणूस प्रत्यक्षात दोन नांगर विकत घेत असतो. मला त्यांतला एकच दाखवण्यात आला.

विक्रेता जुन्या अवजारांचा व्यापारी होता. हमरस्त्याला लागून असलेल्या त्याच्या मोकळ्या जागेत दहा-बारा नांगर आणि रोटाव्हेटर एका रांगेत उभे होते आणि प्रत्येकाचा रंग ताजा होता. त्याने ७२,००० रुपये सांगितले. “दादा, एकाच शेतकऱ्याने दोन हंगाम वापरलाय, फाळसुद्धा बदलायला लागणार नाहीत,” असे तो म्हणाला. मी चालवून दाखवण्याचा आग्रह धरल्यावर त्याने कसलीही कुरकुर न करता नांगर ट्रॅक्टरला जोडला आणि शेजारच्या, नुकताच कांदा काढलेल्या रानात नेला. त्या रानात अजून ओल होती. नांगर लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि तास खोल, सरळ निघाले. टोकाला गेल्यावर त्याने नांगर उचलून हवेतच दोनदा पलटी करून दाखवला आणि परत येताना मात्र तो जमिनीला लावलाच नाही. कारण विचारल्यावर त्या बाजूने पाइपलाइन गेली आहे, फाळ लागेल, असे त्याने सांगितले. मला ते पटले. सौदा ५८,००० रुपयांवर ठरला, पैसे मी मोबाइलवरून पाठवले, पावतीऐवजी साध्या कागदावर रक्कम आणि सही घेतली आणि पिकअपच्या भाड्याचे ४,५०० रुपये वेगळे दिले.

आमची जमीन भारी काळी आहे. हरभरा निघाल्यानंतर ती भेगाळते आणि मार्चअखेरीस दगडासारखी कडक होते. पहिल्या तासाला नांगर नऊ-दहा इंच खोल गेला. पलटी करून परत फिरलो, तेव्हा मागचा फाळ जेमतेम सहा इंच लागत होता, ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जात होता आणि स्टिअरिंग सतत धरून ठेवावे लागत होते. नांगर लावण्यात माझीच चूक होत असावी, असे मला वाटले. दोन दिवस मी टॉप लिंक, म्हणजे नांगराला ट्रॅक्टरशी जोडणारी वरची दांडी, लांब-आखूड करून पाहिली, सांगाडा जिथे टेकतो ते दोन्ही बाजूंचे बोल्ट फिरवून पाहिले, ट्रॅक्टरच्या उचलणाऱ्या हातांची उंची बदलली. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा “तुमचं रान कडक आहे, नांगराचा दोष नाही,” असे उत्तर मिळाले. नवखा माणूस स्वतःच्या अज्ञानावर लवकर विश्वास ठेवतो आणि असा व्यापारी नेमका त्यावरच विसंबून असतो, हे मला आज स्पष्ट दिसते. तिसऱ्या दिवशी परतीच्या तासातच मोठा आवाज झाला आणि मुख्य दांड्याला बोटभर भेग पडली.

गावातल्या वेल्डिंग करणाऱ्या काकांनी भेगेभोवतीचा रंग कानशीने खरवडला. रंगाखाली गाड्यांच्या पत्र्याला भरतात तशी लांबी (पुट्टी) निघाली, लांबीखाली जुने वेल्डिंग होते आणि नवी भेग त्या वेल्डिंगला अगदी लागून गेली होती. जाड पोलाद घाईघाईने जोडले की जोडाच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पुढचा ताण तिथेच तुटतो, असे त्यांनी मला समजावून सांगितले. नंतर त्यांनी टेप घेऊन सांगाड्यापासून प्रत्येक फाळाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. मला दाखवलेल्या संचाची मापे बरोबर होती. दुसऱ्या संचातला, फाळ ज्यावर बसतो तो मागचा पाय अडीच इंच वाकलेला होता. आधीच्या मालकाच्या रानात तो कशावर तरी जोरात अडकला असणार आणि दांडाही त्याच वेळी तडकला असणार. ही मोजणी करायला त्यांना पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मी ती विक्रेत्याच्या दारात, पैसे देण्याआधी केली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

पलटी करणाऱ्या सिलिंडरचे सीलही गेले होते. थंड तेलावर दोन-चार वेळा तो व्यवस्थित फिरत असे आणि तासाभराच्या कामाने तेल तापले की गळू लागे. शिवाय सांगाड्यावर जिथे उत्पादकाचा क्रमांक असतो, ती जागा ग्राइंडरने घासून सपाट केलेली होती. अनुदानावर घेतलेले अवजार ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाही, त्यामुळे पुसलेल्या क्रमांकाने मला अधिकच काळजीत टाकले. नांगर मुळात कोणाचा होता, हे मला आजही ठाऊक नाही.

मी पुन्हा विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा जुना माल पाहूनच घ्यायचा असतो, एवढेच तो म्हणाला. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण माझ्याजवळच्या कागदावर ना अवजाराचा क्रमांक होता, ना त्याच्या स्थितीविषयी एक शब्द. म्हणून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, व्यापारी कितीही ओळखीचा असला तरी क्रमांक, दिलेली हमी आणि आधीच्या मालकाचे नाव कागदावर लिहून घ्यावे, आणि क्रमांकच नसेल तर तिथूनच माघारी फिरावे. नव्या रंगावरून साधे लोहचुंबक फिरवावे, लांबी भरलेल्या जागी ते नीट चिकटत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नांगर कोरड्या, कडक रानात जाऊन-येऊन चालवून किमान पाच-सहा तास काढून पाहावेत आणि परतीच्या तासाची खोली काठीने मोजावी. सोबत गावातला एखादा जुना ट्रॅक्टरचालक न्यावा. त्याला दिलेला दिवसाचा रोज वाया जात नाही.

नवा पाय, दांड्याला जाड पट्टी आणि सील यांवर माझे १७,५०० रुपये गेले. दुरुस्तीनंतर नांगर दीड एकर चालला आणि सांगाडा पुन्हा पिळला. राहिलेले रान मी एकरी २,२०० रुपये देऊन भाड्याच्या नांगराने नांगरून घेतले. पावसाळ्यानंतर शेजारच्या गावचे दोघे जण तो नांगर आहे तसा ३०,००० रुपयांना मागायला आले होते. त्यांना मी दांड्याची भेग दाखवली आणि नकार दिला. शेवटी तो किलोच्या भावाने भंगारात घातला, पण भंगारवाल्याच्या गाडीत चढवण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर गॅस कटरने त्याचा दांडा दोन ठिकाणी कापून घेतला.